कुट्टी मशीन चारा चिरडतंय? मोटर बदलण्याआधी पट्टी बघा

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका तरुण दूध उत्पादकाचा आहे. घरी पाच संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी. तीन वर्षांपूर्वी घेतलेलं दोन एचपी, सिंगल फेज, दोन पात्यांचं कडबा कुट्टी मशीन. हल्ली ते नेपिअर गवत आणि मक्याची धाटं कापण्याऐवजी चिरडतं, मोटर तापते, आणि गायी बराच चारा गव्हाणीतच सोडतात. त्यांनी विचारलंय: पाच एचपीचं नवीन मशीन घ्यावं का? कुट्टी आणखी बारीक केली तर गायी सगळं खातील का? द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या याच मशीनमधून काढल्या तर चालतील का? आणि जाता जाता त्यांनी लिहिलंय की संध्याकाळी मशीन बहुतेक आईच चालवते. मला त्यांच्या सगळ्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच्यावर शेवटी लिहितो.

भाऊ, नवीन मशीन घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. सिन्नरमध्ये सत्तावीस वर्षं मी कुट्टी मशीन बसवतोय, दुरुस्त करतोय, आणि माझ्याही दावणीला चार गायी आहेत. "मशीन कमी पडतंय" म्हणून माझ्याकडे आलेल्या मशीनपैकी बहुतेकांची मोटर ठणठणीत असते. बिघाड असतो तो पात्यात, आणि त्याहून जास्त वेळा पात्यासमोरच्या पट्टीत.

आधी तुमचा हिशोब बघू. एका गायीला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो सुका धरला, तर पाच गायींचं झालं दीडशे किलोच्या आसपास. धार असलेलं दोन एचपीचं मशीन एवढं काम अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. म्हणजे ताकद तुम्हाला कमी नाही. उलट पाच एचपी घेतलं तर थ्री फेज लागेल. शेतीच्या फीडरवर (शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) ती बऱ्याच गावांत आठ तासच येते, तीही पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. पहाटे धारेच्या वेळी कुट्टी हवी आणि वीज रात्री दोनला, अशी गत झालेले लोक मी पाहिलेत. शिवाय बोथट पात्याला मोठी मोटर लावली की चारा तसाच चिरडला जातो, फक्त जास्त वेगाने, आणि मग चाक शाफ्टला धरून ठेवणारी चावी तुटते, शाफ्ट वाकतो.

आता एक करा. मशीनमधून पडलेली मूठभर ताजी कुट्टी हातात घ्या आणि उजेडात धाटाचा एक तुकडा बघा. त्याची दोन्ही टोकं कशी दिसतात? सुरीने काकडी कापावी तशी सपाट, ओलसर, गोल चकती दिसली तर पातं चांगलं आहे. टोकाला रेषे लोंबत असतील, साल एका बाजूने सोलवटून आली असेल, धाट दबून चपटं झालं असेल, तर ते कापलं गेलेलंच नाही. पात्याने ते पट्टीवर रगडून तोडलंय. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसतंय. अशा तुकड्याला टोकं चिवट आणि खरखरीत असतात. गाय पाला निवडून खाते आणि हे तुकडे जिभेने बाजूला सारते. गव्हाणीत उरलेली चघळ उचलून पाहा, त्यात पाला नसेल, नुसते असले रेषाळ तुकडे असतील.

याचं कारण समजून घ्या. कुट्टी मशीन कुऱ्हाडीसारखं चालत नाही, कात्रीसारखं चालतं. चाकावरचं पातं हे कात्रीचं एक पान आणि तोंडाशी बसवलेली स्थिर पट्टी हे दुसरं. कात्रीचं एक पान नवं आणि दुसरं गोलटलेलं असेल, किंवा मधली रिबिट सैल झाली असेल, तर कापड कापत नाही, पानांच्या मध्ये दुमडतं. इथे तेच होतं. लोक पात्याला दर महिन्याला धार लावतात आणि पट्टीकडे तीन-तीन वर्षं बघत नाहीत. पट्टीची वरची कड रोज हजारो घाव सोसून गोल होते. बोट फिरवलं तर काटकोन लागायला हवा. तिथे गुळगुळीत उतार लागतो.

तपासायचं कसं ते सांगतो. प्लग काढा, बटणावर विसंबू नका, आणि काढलेला प्लग स्वतःच्या नजरेसमोर ठेवा. चाक जड असतं, वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्या. मग बेल्ट उतरवून चाक हळूहळू हाताने फिरवा आणि एक पातं पट्टीसमोर आणा. दोघांच्या मध्ये जाड पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर, अशी तीन ठिकाणी बघा. मग दुसऱ्या पात्याची तशीच बघा. बऱ्याचदा एक पातं बरोबर असतं आणि दुसरं दोन मिलिमीटर मागे. मग एक घाव कापतो, दुसरा चिरडतो, आणि मशीन धडधडतं. पात्याच्या मागे सेटिंगचे बोल्ट असतात, त्यांनी पातं पुढे-मागे करता येतं. फट जुळली की कागदाचा तुकडा धरून नाही, तर मक्याचं एक पान लांब काठीला बांधून मध्ये धरा आणि चाक दुसऱ्याकडून हळू फिरवून घ्या. पान कात्रीने कापल्यासारखं पडलं पाहिजे.

पट्टीची कड गोल झाली असेल तर ती सोडवा. बऱ्याच मशीनमध्ये पट्टी उलटी करून दुसरी कड वापरता येते. आधी ते बघा, फुकटात काम होतं. दोन्ही कडा गेल्या असतील तर लेथवाल्याकडून किंवा सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडून सपाट करून घ्या, नाहीतर नवीन घाला. मोटरच्या तुलनेत तो खर्च अगदी किरकोळ आहे.

पात्याला धार लावताना दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे दोन्ही बाजूंनी घासणं. पात्याची एक बाजू उताराची असते, एक सपाट. धार फक्त उताराच्या बाजूने लावायची. सपाट बाजू घासली की पट्टीशी फट वाढते आणि सगळं सेटिंग बिघडतं. दुसरी चूक म्हणजे ग्राइंडर एकाच जागी दाबून धरणं. कड निळी पडली की समजा पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. ती धार दोन दिवसही टिकत नाही. थोडं घासा, पाण्यात बुडवा, परत घासा. दोन्ही पाती एकाच वेळी सोडवून, सारखी घासून, तराजूत वजन सारखं आहे ना बघून बसवा. किराणा दुकानातला साधा काटाही चालतो. आणि बोल्ट जुन्या भंगारातले लावू नका. तिथे हाय टेन्साइल बोल्टच लागतात, स्प्रिंग वॉशरसकट. फिरत्या चाकावरून सुटलेलं पातं गोठ्याच्या पत्र्यातून आरपार गेलेलं मी पाहिलंय.

मोटर तापते त्याचं निम्मं उत्तर वरच आलं, चिरडायला ताकद जास्त लागते. उरलेलं निम्मं वायरमध्ये असू शकतं. घरापासून गोठा किती लांब आहे ते तुम्ही लिहिलं नाही. साठ मीटर धरू. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण 10 अँपिअर घेते. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर, जाऊन-येऊन 120 मीटरमध्ये, 14-15 व्होल्ट तिथेच पडतात. सुरू होताना मोटर याच्या चार-पाच पट करंट ओढते, तेव्हा साठ-सत्तर व्होल्ट. संध्याकाळी गावात आधीच व्होल्टेज कमी असतं. मग मोटर नुसती गुणगुणते आणि लोक चाकाला हाताने धक्का देऊन ती सुरू करतात. असं कधीही करू नका. चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर टाका, घट साडेपाच व्होल्टवर येते. मशीन गुणगुणत असेल तर कपॅसिटरही तपासून घ्या, आणि मशीनच्या सांगाड्याला अर्थिंग आहे ना ते बघा. गोठ्यात जमीन ओली असते, माणसं चिखलात उभी असतात आणि गाय माणसापेक्षा कमी धक्क्याने जाते.

कुणीतरी तुम्हाला सांगेल, मोटरची पुली मोठी टाका, काम दुप्पट होईल. मोटर 1440 फेऱ्यांची, तिच्यावर तीन इंची पुली आणि चाकावर बारा इंची असेल तर चाक मिनिटाला 360 फेरे फिरतं. तीनाच्या जागी चार इंची घातली की ते 480 होतं. वेग एक तृतीयांशच वाढला असं वाटतं, पण पात्याला बाहेर फेकणारा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो. बोल्ट आणि चाक त्या हिशोबाने बनवलेले नसतात. कंपनीने पाटीवर लिहिलेल्या फेऱ्यांच्या वर जायचं नाही.

आता बारीक कुट्टीचं. तुमचा दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतात आणि इथेच दुधाचे पैसे जातात. दिसायला बारीक कुट्टी छान दिसते, गाय भराभर खाते, गव्हाण चाटूनपुसून साफ. पण गायीच्या पोटाला लांब रेषे लागतात. ते टोचले की ती रवंथ करते, रवंथ करताना दिवसाला शंभर लिटरच्या पुढे लाळ गिळते, आणि त्या लाळेतला सोडा पोटातला आंबटपणा आवरून धरतो. चारा भुशासारखा केला की रवंथ कमी, लाळ कमी, पोट आंबट, शेण पातळ, आणि फॅट खाली. डेअरीचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, 3.5 च्या खाली गेलं की लिटरमागे किती कापतात ते तुमच्या पावतीवर तुम्ही रोज वाचता. एकदा माझ्या स्वतःच्या गायींचं फॅट असंच घसरलं. मी पेंड बदलली, मिनरल मिक्श्चर बदललं, डॉक्टर बोलावले. शेवटी मशीनचा गिअर बदलून कुट्टी लांब केली आणि पंधरवड्यात फॅट जागेवर आलं.

मी हिरवा चारा दीड-दोन इंच ठेवतो, ज्वारीचा सुका कडबा इंचभर. बाजरीचं सरमाड चिवट असतं, ते थोडं लहान. मुरघासाला (हवाबंद साठवून आंबवलेल्या चाऱ्याला) मात्र कुट्टी पाऊण इंचाच्या आतच हवी, कारण ती दाबून हवा काढायची असते. मुरघासच खाऊ घालत असाल तर सोबत थोडा लांब कडबा द्याच. लांबी मोजायला मोजपट्टी लागत नाही. दुपारी अकरा-बाराला, खाऊन बसलेल्या तुमच्या पाच गायींकडे बघा. तीन तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. एकच करत असेल तर कुट्टी बारीक आहे किंवा पेंड जास्त आहे.

आणखी एक शंका येते: तुमचं नेपिअर किती दिवसांचं कापता? पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी आणि नंतर दर दीड महिन्याने. तीन महिन्यांचं बांबूसारखं झालेलं नेपिअर कितीही धारदार पात्याने कापा, गाय ते टाकणारच. आदल्या दिवशी कापून एक रात्र सुकू द्या. मशीनमध्ये घालताना बुडखा पुढे, आणि हिरव्याच्या पेंढीबरोबर दोन-चार काड्या सुक्या कडब्याच्या घाला. चारा आत ओढणारे रोलर स्वच्छ राहतात, ओला पाला गुंडाळत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडचे लोक भाताचा पेंढा असाच मिसळतात. हिरवी कुट्टी एका दिवसापुरतीच करा. ढीग करून ठेवली की आतून तापते, हात घालून पाहिलात तर कळेल, आणि तापलेली कुट्टी गाय हुंगून सोडते.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुम्ही निफाडचे, म्हणजे बांधाला द्राक्षबाग असणारच. आपल्याकडे तार कुठे नाही? मांडवाची तार, बांधायची तार, जुनी बाग काढली की मातीत तुटकी तार. मक्याच्या पेंढ्यासुद्धा लोक बाइंडिंग वायरने बांधतात. नऊ वर्षांपूर्वी माझी एक तिसऱ्या वेताची गाय हळूहळू खायची बंद झाली. कोपरं बाहेर काढून, पाठ वाकवून उभी राहायची, उतारावरून खाली यायला कचरायची. मग गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला सूज आली. गेली. डॉक्टरांनी पोट फाडून दाखवलं: जाळीपोटातून (गायीच्या पोटाच्या हृदयाजवळच्या कप्प्यातून) आरपार निघून तार थेट हृदयाच्या पिशवीत शिरली होती. दीड इंचाचा तुकडा. मी तो पाण्याने धुऊन हातात घेतला. दोन्ही टोकं तिरकी, चकचकीत कापलेली. ती तार माझ्याच मशीनने कापली होती, माझ्याच पात्याने, कुट्टीच्या मापात. हातभर लांब तार गाय बहुतेक वेळा तोंडातून टाकून देते. कापून दिलेली मात्र ती चाऱ्याबरोबर गिळते, कारण गाय आधी गिळते आणि नंतर चघळते.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. पेंढी सुतळीनेच बांधायची किंवा चाऱ्याच्याच पिळलेल्या बंदाने, आणि मशीनशेजारी एक डबा टांगलेला, निघालेला प्रत्येक बंद त्यात. कुट्टी पडते त्या पत्र्यावर जुन्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक बसवलंय. सगळी तार ते पकडत नाही, पण महिन्याला दोन-तीन तुकडे तरी त्याला चिकटलेले सापडतात. गायीच्या पोटात ठेवायचं चुंबकही मिळतं, ते पशुवैद्यकाकडूनच घालून घ्या.

म्हणूनच द्राक्षाच्या काड्यांना माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. काडी वाळली की लाकूड असते, पात्याची धार एका दिवसात जाते. तिच्यात तारेचे तुकडे आणि प्लास्टिकचे बंद असतात. आणि हंगामभर तिच्यावर फवारलेलं मोरचूद आणि बुरशीनाशकं मशीनच्या रोलरला, पत्र्याला लागून पुढच्या चाऱ्यात उतरतात. शेळ्या-मेंढ्या असतील तर आणखी जपा, मेंढीला मोरचूदातलं तांबं फार थोडंही बाधतं. काड्यांसाठी ट्रॅक्टरवरचं श्रेडर भाड्याने आणा आणि चुरा बागेतच टाका.

पुढेमागे गायी दहा-बारा झाल्या आणि नवीन मशीन घ्यायची वेळ आलीच, तर एचपी विचारण्याआधी तीन गोष्टी बघा: आयएसआयचा शिक्का, रोलर उलटा फिरवायचा किंवा थांबवायचा दांडा हाताशी आहे का, आणि बेल्ट-चाक पूर्ण झाकलेलं आहे का. अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा. आधी बिल फाडलं तर पैसे मिळत नाहीत.

आता आईंबद्दल. माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं अशाच मशीनने नेली. तो नवखा नव्हता, दहा वर्षं तेच काम करत होता. संध्याकाळची वेळ, उजेड कमी, आणि शेवटची मूठ. मागे दुसरी पेंढी नसली की शेवटचा चारा रोलर नीट ओढत नाहीत, तो तिथेच अडतो, आणि हात आपोआप पुढे जातो. मी जितके अपघात पाहिले ते जवळजवळ सगळे शेवटच्या मुठीचे आहेत. रोलरने बोट पकडलं की मागे ओढता येत नाही, कारण तो ओढण्यासाठीच बनवलेला आहे.

शेवटची मूठ मशीनमध्ये ढकलायची नाही. ती तशीच ट्रेमध्ये राहू द्या, उद्याच्या पहिल्या पेंढीबरोबर जाईल. ढकलायचंच तर हातभर लांब लाकडी काठीने, लोखंडी गजाने नव्हे. आईंना पदर खोचून कमरेला घट्ट बांधायला सांगा, वेणी अंबाड्यात, हातात बांगड्या नकोत. तुमच्याकडे ओढणी किंवा मफलर असेल तर तुम्हालाही तेच लागू. मशीनच्या वर एक दिवा लावा. बटण असं बसवा की चारा घालणाऱ्याच्या डाव्या हाताला जागेवरून न हलता पोचेल. लहान मुलं मशीन चालू असताना गोठ्यात नकोत.

आणि तसा प्रसंग आलाच तर काय करायचं हे घरातल्या सगळ्यांना आधी माहीत असू द्या. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा, 108 ला फोन. तुटलेलं बोट टाकून द्यायचं नाही, हळद लावायची नाही. ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचं नाही. माझ्या भावाच्या वेळी आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही बोटं बर्फात टाकून नेली आणि डॉक्टर काही करू शकले नाहीत.

तुमची पट्टी लेथवर गेली की एक-दोन दिवस मशीन बंदच राहील. त्या दोन दिवसांत ट्रे सोडवून वेल्डरकडे न्या आणि तो पुढे इतका वाढवून घ्या की आईंनी हात पूर्ण लांब केला तरी बोटं रोलरपर्यंत पोचणार नाहीत. रोलरकडच्या निम्म्या भागावर वरून पत्रा ठोकून घ्या. माप आईंच्या हाताचं घ्या, तुमच्या नव्हे. त्यांना शेजारी उभं करून, खडूने खूण करून.